चाचणीचा अहवाल कसा वाचावा : तरुण बेसबॉलपटूंच्या पालकांसाठी

आमच्याकडे मुलाची बेसबॉलची चाचणी झाली की तुम्हाला दोन पानांचा अहवाल मिळतो. पहिल्या पानावर मोजलेले आकडे, दुसऱ्यावर आमचं मत. बहुतेक पालक आधी दुसरं पान उघडतात आणि थेट विचारतात, "मग, मेजर लीगला जाईल का हो?" मेजर लीग म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बेसबॉलची सर्वांत वरची पायरी. तेरा वर्षांच्या मुलाबद्दल या प्रश्नाचं उत्तर आम्ही देत नाही, आणि जो देतो त्याच्यापासून चार हात लांब राहा. स्काउट, म्हणजे संघांसाठी नवे खेळाडू हेरणारे, मुलात काय बघतात आणि आमच्या कुठल्या आकड्यावर किती विसंबायचं, एवढं मात्र नक्की सांगता येतं. न्यू जर्सीतल्या मराठी मंडळींकडून तेच ते प्रश्न येतात, म्हणून हे पत्रक. क्रिकेट बघत वाढलेले आईबाबा डोळ्यासमोर ठेवलेत. ज्यांना बेसबॉल पाठ आहे त्यांनी मधले परिच्छेद खुशाल गाळावेत.

२० ते ८०

स्काउट प्रत्येक गुणाला २० ते ८० या पट्टीवर श्रेणी देतात. ती दहावीच्या मार्कांसारखी वाचू नका. ५० म्हणजे जेमतेम पास नव्हे. मेजर लीगमध्ये ३० संघ आहेत, प्रत्येकाच्या चमूत २६ जण, म्हणजे सगळ्या मिळून ७८० जागा. त्या जागांवर बसलेल्यांची जी सरासरी, ती ५०. ६० मिळालेला खेळाडू त्या गुणात त्यांच्यातल्या साधारण सहापैकी पाचांना मागे टाकतो. ८० तर क्वचितच कुणाच्या वाट्याला येतात.

श्रेणीचे रकाने दोन असतात, ‘सध्या’ आणि ‘पुढे’. हायस्कूलमधून ड्राफ्टच्या (मेजर लीगचे संघ पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या) पहिल्या फेरीत उचलल्या जाणाऱ्या मुलांच्याही बॅटिंगपुढे ‘सध्या’च्या रकान्यात बहुधा वीस-तीसच असतात. तेव्हा मुलाच्या अहवालात २५ दिसले म्हणून त्याला रागावू नका. स्काउटांची खरी भांडणं होतात ती ‘पुढे’च्या रकान्यावरून. पंधरा वर्षांखालच्या मुलांसाठी तो रकाना आम्ही कोरा ठेवतो. अर्धं शरीर अजून वाढायचंय, तिथे आकडा टाकणं म्हणजे हवेत गोळीबार.

गुण पाच : चेंडू बॅटवर नीट घेणं, फटक्यातली ताकद, धावणं, फील्डिंग आणि फेक. ताकद, धाव आणि फेक यंत्रावर किंवा घड्याळावर मोजता येतात. उरलेले दोन डोळ्यांनीच जोखावे लागतात. त्यातही चेंडू बॅटवर घेणं हा सगळ्यांत महत्त्वाचा आणि ओळखायला सगळ्यांत अवघड गुण. ताशी ९० मैलांनी टाकलेला चेंडू पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) हातून सुटल्यापासून प्लेटवर (फलंदाजाजवळच्या पाटीवर) यायला जेमतेम ०.४ सेकंद घेतो. तेवढ्यात मुलगा कुठला चेंडू सोडतो, हे आम्ही फटक्यांइतकंच बारकाईने टिपून ठेवतो. ‘बॅट सरळ नाही’ ही तक्रार मात्र आमच्याकडे आणू नका, तो निकष इथे चालत नाही.

आकडे कुठे फसवतात

‘एक्झिट व्हेलॉसिटी’ म्हणजे बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा वेग. मेजर लीगमध्ये ९५ मैल आणि त्यावरचा फटका ‘जोरदार’ धरतात. पालकांचा जीव याच आकड्यात अडकलेला असतो, आणि फुगवायला सगळ्यांत सोपाही हाच. टी-वर, म्हणजे उभ्या दांड्यावर, ठेवलेला चेंडू मारला की आकडा छान येतो, कारण चेंडू जागचा हलत नाही. बॅटचाही फरक पडतो. बुंध्याजवळच्या शिक्क्यात ‘यूएसएसएसए’ असेल तर ती बॅट चेंडू चांगलाच उसळवते. ‘यूएसए’ शिक्क्याची, म्हणजे लिटल लीगमध्ये (लहान मुलांच्या स्पर्धांमध्ये) २०१८ पासून लागणारी बॅट त्यामानाने थंड. हायस्कूलमधली ‘बीबीकोर’ तर लाकडी बॅटच्या जवळ जाईल अशीच बनवलेली असते. तोच मुलगा, तोच हात, आणि बॅट बदलली की आकडा खाली येतो. मग घरी चर्चा सुरू, की हिवाळ्यात पोरगं ढिलं पडलं. म्हणून आमच्या अहवालात आकड्याशेजारी बॅटचा शिक्का, वजन आणि चेंडू टी-वरचा की टाकलेला, हे लिहिलेलं असतं. या तीन गोष्टी सारख्या असतील तरच मागच्या अहवालाशी तुलना करा.

धावण्यासाठी ६० यार्ड. साधारण ६.७ ते ६.९ सेकंद ही स्काउटांच्या लेखी सरासरी. होम प्लेट ते पहिला बेस (फटका मारून धावताना गाठायचा पहिला टप्पा) ही वेळही ते घेतात : उजव्या हाताने खेळणाऱ्याची ४.३ सेकंद, डावखुऱ्याची ४.२. डावखुरा मुळातच पहिल्या बेसच्या बाजूला उभा असतो, तो दशांश तिथून येतो.

मुलगा कॅचर (प्लेटमागे बसणारा, क्रिकेटमधल्या विकेटकीपरसारखा) असेल तर ‘पॉप टाइम’. चेंडू कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आदळला की घड्याळ सुरू, दुसऱ्या बेसवरच्या खेळाडूच्या ग्लोव्हमध्ये पडला की बंद. मधलं अंतर १२७ फुटांहून थोडं जास्त. मेजर लीगमध्ये ही वेळ २ सेकंदांच्या आसपास असते. दंडात नुसती ताकद असून भागत नाही. चेंडू ग्लोव्हमधून हातात घेताना आणि पाय वळवतानाच बहुतेक मुलं वेळ घालवतात, आणि ते शिकवता येतं. आमच्या केजमध्ये (जाळी लावलेल्या बंदिस्त जागेत) ना ६० यार्ड मावतात ना १२७ फूट. त्यामुळे या दोन चाचण्या थंडी ओसरल्यावर मैदानावरच होतात. जानेवारीत आग्रह धरू नये.

वय आणि वाढ

लिटल लीगमध्ये बारा वर्षांची मुलं ४६ फुटांवरून पिचिंग करतात आणि बेस ६० फुटांवर असतात. पुढे मोठं मैदान येतं : ६० फूट ६ इंच आणि ९० फूट. बाराव्या वर्षी ज्याला मिशी फुटली आहे तो छोट्या मैदानावर राज्य करतो, आणि चौदाव्या वर्षी बाकीची मुलं त्याला गाठतात. उलटही होतं. म्हणून आम्ही जन्मतारीख महिन्यासकट मागतो आणि आईवडिलांची उंचीही विचारतो. चौकशी जरा खासगी वाटेल, पण तिच्याशिवाय बाकीचे आकडे अधांतरी राहतात. मायनर लीगमध्येही, म्हणजे मेजर लीगच्या खालच्या पायऱ्यांवरही, हेच बघतात : एकोणीस वर्षांचा मुलगा तेवीस वर्षांच्यांमध्ये टिकून असेल, तर त्याचे साधे आकडेही भारी धरतात.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. माइक ट्राउट मिलव्हिलचा. २००९ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्या आधी २४ जण निवडले गेले, आणि २४वा ज्या संघाने घेतला, त्याच एंजल्सनी २५वा म्हणून ट्राउटला घेतलं. थंड प्रदेशातली मुलं सामने कमी खेळतात, समोरचे पिचरही बेताचे असतात, म्हणून संघ बिचकतात. त्या रात्री, निवड जिथून जाहीर होत होती त्या सिकॉकसच्या स्टुडिओत हजर राहिलेला खेळाडू तो एकटाच. पुढे २०१४, २०१६ आणि २०१९ साली तो अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

उंचीवरून हिरमुसणाऱ्यांसाठी होसे अल्तुवे. साडेपाच फुटांचा म्हणून निवड चाचणीतून त्याला घरी धाडलं, दुसऱ्या दिवशी तो पुन्हा येऊन उभा राहिला. २००७ मध्ये १५ हजार डॉलरवर करार झाला आणि २०१७ मध्ये सर्वोत्तम खेळाडूचा मान मिळाला. आता दुसरी बाजू. १९९१ मध्ये यांकीजनी देशात पहिल्या क्रमांकावर घेतलेला पिचर ब्रायन टेलर खांद्याला इजा होऊन मेजर लीगचा एकही सामना खेळला नाही. अल्तुवेची गोष्ट सांगून शुल्क घेणारे पुष्कळ आहेत, टेलरची कुणी सांगत नाही.

मुलगा पिचर असेल तर हे जरूर वाचा

रडार गनवर जास्तीत जास्त आकडा काढण्याच्या नादात कोपर जातं. मेजर लीगमधल्या फास्टबॉलचा सरासरी वेग हल्ली ताशी ९४ मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे १५१ किलोमीटर. तिथे पोचायची घाई चौदाव्या वर्षी कशाला?

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल यांची ‘पिच स्मार्ट’ नावाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, आणि आम्ही ती नियम म्हणूनच पाळतो. एका दिवसात नऊ-दहा वर्षांच्या मुलाने ७५, अकरा-बारा वर्षांच्याने ८५ आणि तेरा ते सोळा वर्षांच्याने ९५ पर्यंतच चेंडू टाकावेत. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाने ६६ किंवा अधिक टाकले, तर पुढचे चार दिवस पिचिंग बंद. वर्षातले किमान चार महिने फेकण्यापासून सुट्टी, त्यातले दोन-तीन सलग. शनिवारी शाळेच्या संघाकडून आणि रविवारी ट्रॅव्हल टीमकडून (गावोगावी स्पर्धा खेळणाऱ्या खासगी संघाकडून), असं झालं की प्रत्येक कोच आपल्यापुरतं मोजतो आणि बेरीज कुणीच करत नाही. ती तुम्हाला करावी लागेल. चाचणीला येताना शेवटचं पिचिंग कधी केलं आणि किती चेंडू टाकले, हे लिहून आणा. विश्रांती पुरी झाली नसेल तर आम्ही रडार गन काढत नाही, मग तुम्ही दोन तास गाडी चालवून का आला असेनात.

खांदा आणि कोपर यांना संघ किती वजन देतात, ते पिचर कुमार रॉकरच्या बाबतीत दिसलं. आई भारतीय वंशाची, त्यामुळे आपल्याकडे त्याचं नाव कौतुकाने घेतात. २०१९ मध्ये व्हँडरबिल्टकडून ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्याने १९ जणांना स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) करत नो-हिटर टाकला, म्हणजे समोरच्या संघाला एकही हिट मिळू दिला नाही. २०२१ मध्ये मेट्सनी त्याला दहाव्या क्रमांकावर घेतलं, पण वैद्यकीय अहवाल बघून करारच केला नाही. पुढच्या वर्षी रेंजर्सनी तिसऱ्या क्रमांकावर घेतलं, २०२३ मध्ये कोपराची शस्त्रक्रिया झाली आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो मेजर लीगमध्ये उतरला.

भारतातून आलेले आजोबा हमखास विचारतात, की आपला फास्ट बोलर इथे पिचर का होऊ नये. उत्तर प्रदेशातले दोन भालाफेकपटू, रिंकू सिंग आणि दिनेश पटेल, २००८ मध्ये एका स्पर्धेतून निवडले जाऊन पायरेट्स या मेजर लीग संघाबरोबर करारबद्ध झाले. वेगात फेकता येत होतं, पण खेळ विसाव्या वर्षापासून शिकायचा होता. दोघंही मायनर लीगपर्यंतच पोचले.

शोकेस, कॉलेज, ड्राफ्ट

ड्राफ्ट आता २० फेऱ्यांचा आहे, २०१९ पर्यंत ४० होत्या. हायस्कूल संपल्यावर मुलगा पात्र होतो; चार वर्षांच्या कॉलेजात गेला तर तिसरं वर्ष संपेपर्यंत किंवा २१ वर्षं पुरी होईपर्यंत थांबावं लागतं. डिव्हिजन वनचे, म्हणजे कॉलेज खेळांच्या सर्वांत वरच्या गटातले, कोच अकरावीच्या वर्षाच्या १ ऑगस्टपूर्वी मुलाशी थेट संपर्कच करू शकत नाहीत. मग सातवीतल्या मुलाला ‘कोचच्या नजरेत आणण्यासाठी’ महागड्या शोकेसला (कोच-स्काउटांसमोर खेळून दाखवण्याच्या कार्यक्रमाला) नेऊन नेमकं काय साधतं, हे पैसे भरण्याआधी आयोजकांना विचारा. आमच्या मते तेच पैसे चांगल्या कॅचरकडून शिकण्यात घालवा.

येताना

जन्मतारखेचा पुरावा, नेहमीची बॅट (नवी कोरी नको), ग्लोव्ह आणि केजमध्ये चालतील असे सपाट तळाचे बूट आणा. स्पाइक्स आत चालत नाहीत. चाचणीच्या वेळी पालकांनी काचेच्या पलीकडे बसावं. तिथून मराठीत सूचना देऊ नयेत, पोरं आमच्याकडे बघायचं सोडून तुमच्याकडे बघतात. अहवाल फक्त पालकांच्या हाती देतो, ट्रॅव्हल टीमच्या कोचला तुमच्या लेखी परवानगीशिवाय पाठवत नाही. पुन्हा चाचणी सहा महिन्यांच्या आत करत नाही, कारण त्याआधी आकडे हलले तरी त्यात मुलाची वाढ किती आणि त्या दिवसाचा मूड किती, हे आम्हालाही वेगळं काढता येत नाही.