द्राक्षाचा मणी, गणिताची पायरी आणि पेटंटचा दावा

निर्यातीच्या द्राक्षात मणी किती मिलिमीटरचा भरतो याला फार महत्त्व असतं. दिंडोरी-निफाडच्या बागांत हे माप अजूनही बऱ्याचदा हातानेच घेतलं जातं. त्यामुळे मोबाइलच्या फोटोवरून मण्याचा आकार काढण्याचा प्रकल्प नाशिकच्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना सुचणं अगदी साहजिक आहे. काम सुरू केलं की थोड्याच दिवसांत अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ पॉल हफ यांची फोटोतले आकार शोधायची पद्धत समोर येते.

फोटोतल्या घडात पूर्ण मणी क्वचितच दिसतो. अर्धा पानाआड असतो, थोडा शेजारच्या मण्यामागे. हफ यांच्या पद्धतीत मण्याच्या कडेवरचा प्रत्येक ठिपका मत देतो: मी ज्या वर्तुळावर आहे, त्याचं केंद्र इथे असेल, इथे असेल किंवा तिथे. शेकडो ठिपक्यांची मतं जिथे एकवटतात, तिथे केंद्र. मणी अर्धा झाकलेला असला तरी उरलेल्या कडेची मतं पुरतात. ही कल्पना मुळात बबल चेंबरच्या, म्हणजे कण गेल्यावर बुडबुड्यांची रेघ उमटवणाऱ्या उपकरणाच्या, फोटोंत अणुकणांचे सरळ माग शोधण्यासाठी निघाली. १९६२ मध्ये तिला अमेरिकन पेटंट मिळालं. १९७२ मध्ये रिचर्ड डुडा आणि पीटर हार्ट यांनी तिला आजचं रूप दिलं. पेटंटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे आपला विद्यार्थी ती बिनधास्त वापरतो.

पुढची पायरी मात्र अनेक वर्षं अडलेली होती. एकाच घडाचे दोन बाजूंनी फोटो काढले, तर तोच मणी दोनदा मोजला जाऊ नये म्हणून दोन्ही फोटोंतल्या खुणा जुळवाव्या लागतात. डेव्हिड लोव यांची ‘सिफ्ट’ ही पद्धत हे काम फार सुरेख करते. फोटो कमी-जास्त धूसर करून ती ठळक बिंदू शोधते आणि प्रत्येक बिंदूच्या आसपासच्या उजेड-अंधाराचं वर्णन १२८ आकड्यांत करते. कॅमेरा जवळ आणा, लांब न्या, तिरका धरा, ते आकडे फारसे हलत नाहीत. लोव यांनी ती १९९९ मध्ये मांडली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या नावे तिचं अमेरिकन पेटंट झालं आणि ते २०२० च्या मार्चमध्ये संपलं.

पेटंट ज्या देशात घेतलं, तिथेच लागू होतं. तरीही त्याची झळ इथपर्यंत पोहोचली. जगभर वापरल्या जाणाऱ्या ओपनसीव्ही या फोटोंवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमच्या मुक्त संग्रहात सिफ्ट वेगळ्या, ‘मोफत नाही’ अशा कप्प्यात ठेवलेली होती. पुढे तयार मिळणाऱ्या पॅकेजमधून तो कप्पाच वगळला गेला, आणि पुस्तकात शिकलेली पद्धत चालवून बघायला मुलं जुनी आवृत्ती शोधून बसवू लागली. मुदत संपली, आणि काही महिन्यांतच सिफ्ट मुख्य संग्रहात आली.

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाट अडली म्हणून काही संशोधकांनी २०११ मध्ये ‘ऑर्ब’ ही मुक्त पद्धत काढली आणि ती सिफ्टपेक्षा कितीतरी वेगवान निघाली. अडथळ्यातून नवं काही निघतं ते असं. पण दर वेळी असं होत नाही. जेपेग फोटोच्या १९९२ च्या मानकात माहिती आवळण्याचे दोन पर्याय होते. एक १९५२ ची हफमन पद्धत, जिच्यात प्रत्येक चिन्हाला पूर्णांकातच बिट द्यावे लागतात. दुसरी अंकगणिती पद्धत, जी सगळा संदेश ० आणि १ च्या मधला एकच अपूर्णांक मानते आणि त्यामुळे बिटचा अंशही वाया घालवत नाही. दुसरीने फाइल आणखी लहान होते. पण तिच्यावर आयबीएम, एटी अँड टी आणि मित्सुबिशी यांची पेटंटं होती, म्हणून जवळपास सगळ्यांनी जुनीच धरली. ‘बीझिप’ या फाइल आवळणाऱ्या प्रोग्रॅमच्या कर्त्यानेही पुढच्या आवृत्तीत अंकगणिती पद्धत काढून हफमन बसवली. ती पेटंटं केव्हाच संपली, तरी आजचे ब्राउझर अंकगणिती जेपेग उघडत नाहीत. सवय एकदा पडली ती पडली. पेटंट २० वर्षांचं असतं, त्याचा परिणाम त्याहून लांबतो. माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच आहे, आणि ते कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही.

औषधाच्या रेणूची रचना कागदावर नेमकी काढता येते, त्यामुळे औषधाच्या पेटंटची हद्द बरीच स्पष्ट असते. सॉफ्टवेअरचा दावा ‘माहिती घेणे, तिची तुलना करणे, निकाल दाखवणे’ अशा ऐसपैस भाषेत लिहिता येतो, आणि एका साध्या ॲपमध्ये अशा शेकडो पायऱ्या असतात. त्यातली कोणती कुणाच्या दाव्यात येते हे वकिलालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. जेम्स बेसन आणि एरिक मॅस्किन या अर्थतज्ज्ञांनी २००९ च्या निबंधात दाखवलं की जिथे प्रत्येक शोध आधीच्या शोधावर उभा असतो, तिथे अनुकरणामुळे मूळ संशोधकाचाही फायदा होऊ शकतो आणि कडक पेटंटमुळे शोधांची गती मंदावू शकते. मला हे पटतं.

त्यात कोर्टाची भीती. अमेरिकेत एमपीएचजे नावाच्या कंपनीने कागद स्कॅन करून ईमेल करणाऱ्या १६ हजारांहून अधिक छोट्या व्यवसायांना पेटंटचा दावा सांगणारी पत्रं धाडली आणि दर कर्मचाऱ्यामागे हजार डॉलरच्या आसपास मागितले. लढायचं तर वकिलाची फी त्याच्या कितीतरी पट. २०१४ मध्ये सरकारी व्यापार आयोगाने त्या कंपनीला फसव्या पत्रांबद्दल आवर घातला. त्याच वर्षी ‘ॲलिस’ खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अमूर्त कल्पना संगणकावर चालवली, एवढ्यानेच ती पेटंटयोग्य ठरत नाही.

आपला कायदा याबाबतीत आधीपासून शहाणा आहे. १९७० च्या पेटंट कायद्याचं कलम ३ म्हणजे काय काय ‘शोध’ धरायचं नाही याची यादी. तिच्या ३(एच) मध्ये शेती आणि बागायतीच्या पद्धती आहेत. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मणी फुगवण्यासाठी जीए (जिबरेलिक ॲसिड) या संजीवकाच्या द्रावणात घड बुडवणं हे तंत्र एका बागेतून दुसऱ्या बागेत गेलं. प्रत्येक छाटणीला कुणाची तरी परवानगी लागली असती तर नाशिकची द्राक्षं इथवर पोहोचली असती, असं मला वाटत नाही. त्याच यादीत ३(के) मध्ये गणिती पद्धती, अल्गोरिदम आणि निव्वळ संगणक प्रोग्रॅम आहेत. २००४ च्या वटहुकमाने हे दार किलकिलं केलं होतं, २००५ मध्ये संसदेने ती दुरुस्ती स्वीकारली नाही. २०१९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मात्र फरीद अल्लानी प्रकरणात म्हटलं की प्रोग्रॅमचा खरा तांत्रिक परिणाम दिसत असेल तर पेटंटचा विचार व्हायला हवा. यंत्र किंवा कॅमेरा खरोखर वेगळ्या रीतीने चालत असेल तर मला ते मान्य आहे. आपल्या नाशिकचे रमेश रास्कर यांच्या नावावर कॅमेऱ्यांसंबंधीची कितीतरी पेटंटं आहेत, आणि त्यामागे प्रकाश आणि उपकरणांवरचं वर्षानुवर्षांचं काम आहे. मण्यांच्या फोटोवर जुनं गणित चालवून ‘पद्धत माझी’ म्हणणाऱ्याला तो मान देऊ नये.

सातपूर-अंबडमध्ये चारपाच जणांची सॉफ्टवेअर कंपनी चालवणाऱ्याने दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. लिहिलेल्या कोडला कॉपीराइट आपोआप मिळतो, त्यासाठी पेटंट लागत नाही. आणि आपण वापरत असलेली पद्धत तारखेसह उघड प्रसिद्ध केली, तर नंतर कुणी तिच्यावर दावा सांगितला की तेच लिखाण, ती नवी नसल्याचा पुरावा म्हणून, पुढे करता येतं. भारतात अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मिळेपर्यंत कुणीही लेखी हरकत घेऊ शकतो. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने ग्लिव्हेक या औषधाच्या अर्जाला अशीच हरकत घेतली होती, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंट नाकारलं. महाविद्यालयांच्या कपाटांत पडून असलेले प्रकल्प-अहवाल तारखांसह इंटरनेटवर टाकले, तर अशा हरकतींना लागणारा पुरावा इथेच तयार होईल.