कंपवात आणि २५ मिलिसेकंदांचं अंतर

कंपवातात हात थरथरतो, हे कुणालाही दिसतं. नवी हालचाल अंगवळणी पाडून घेण्याची मेंदूची क्षमताही या आजारात मंदावते, ते मात्र मोजावं लागतं.

त्यासाठी मनगटाजवळच्या मीडियन नर्व्हला विजेचा हलका झटका देतात. बरोबर २५ मिलिसेकंदांनी डोक्यावर धरलेल्या कॉइलमधून, मोटर कॉर्टेक्सच्या, म्हणजे हालचाली चालवणाऱ्या मेंदूच्या पृष्ठभागाच्या, हात हलवणाऱ्या भागावर चुंबकीय स्पंद सोडतात. मनगटाचा संदेश मेंदूत पोहोचायला साधारण २० मिलिसेकंद लागतात, त्यामुळे दोन्ही संकेत जवळजवळ एकाच वेळी तिथे येतात. अशा जोड्या सुमारे अर्धा तास दिल्या की अंगठ्याच्या स्नायूचा प्रतिसाद वाढतो आणि निदान अर्धा तास तसाच राहतो. अंतर १० मिलिसेकंदांवर आणलं तर तोच प्रतिसाद घटतो! चेतापेशींमधली जोडणी घट्ट व्हायची की सैल, हे इतक्या बारीक फरकावर ठरतं. कॉइल थोडी सरकली, स्नायू ताठला किंवा हाताकडचं लक्ष उडालं, तर आकडे भरवशाचे राहत नाहीत.

औषध न घेतलेल्या रुग्णांमध्ये ही वाढ फारशी होत नाही. लेव्होडोपा हे कंपवातावरचं मुख्य औषध दिल्यावर ती परतते, पण औषधामुळे अनैच्छिक हालचाली सुरू झालेल्यांमध्ये परतत नाही. म्हणून शेवटची गोळी कधी घेतली, ही नोंद नसलेली मोजणी आमच्या मते निरुपयोगी.

डीप ब्रेन स्टिम्युलेशन, म्हणजे मेंदूत तार बसवून विजेचे स्पंद देण्याच्या उपचारात, सव्वा मिलिमीटर जाडीची तार सबथॅलॅमिक न्यूक्लियस या मेंदूत खोलवर असलेल्या चेतापेशींच्या छोट्या पुंजक्यापर्यंत नेतात. नेहमीची सुरुवात सेकंदाला १३० स्पंद, प्रत्येक ६० मायक्रोसेकंदांचा. ताठरपणा काही सेकंदांत उतरतो, म्हणून प्रवाह ठरवताना आधी मनगट वाकवून पाहतात. मंदपणा कमी व्हायला मिनिटं ते तास, चाल सुधारायला कधी दिवस लागतात. घाईने प्रवाह वाढवला तर तो शेजारच्या इंटर्नल कॅप्सूलमध्ये, म्हणजे हालचालींचे संदेश नेणाऱ्या तंतूंच्या पट्ट्यात, पसरतो, चेहरा ओढला जातो, बोलणं अडखळतं.

याच तारेचा स्पंद आणि कॉर्टेक्सवरचा चुंबकीय स्पंद ३ किंवा २३ मिलिसेकंदांच्या अंतराने जोडल्यावर कॉर्टेक्सची उत्तेजनक्षमता वाढली, असं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दिसलं. १६७ मिलिसेकंदांवर काहीच घडलं नाही. हा प्रयोगशाळेतला परिणाम आहे, उपचार नव्हे. शिवाय कॉइल तारेला वीज पुरवणाऱ्या छातीतल्या स्पंदयंत्राजवळ गेली तर यंत्र बिघडू शकतं.

व्यायामाची वेळ मात्र आजच नीट ठरवता येते: गोळीचा असर पूर्ण चढलेला असतानाची.