तापीचा पूर आणि चढणीचे मासे : पार्श्वभूमी

तापीवरच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की नुकसान मोजलं जातं ते पिकांचं, घरांचं, पुलांचं. पुरावर ज्यांची पुढची पिढी अवलंबून असते, त्या माशांचा विचार फारसा होत नाही.

मुलताईहून निघालेल्या तापीला गंगेसारखं ऐसपैस पूरमैदान नाही. खानदेशात ती गाळाच्या उंच काठांमधून, घळींच्या शेजारून खोल वाहते. त्यामुळे पुराचं पाणी पसरायला जागा मिळते ती मुख्यतः चांगदेवचा पूर्णा-संगम, मुडावदचा पांझरा-संगम आणि नाल्यांची तोंडं इथे. पात्र फुगलं की पाणी नाल्यांत उलटं शिरतं, काठचं गवत बुडतं आणि पहिल्या गढूळ लोंढ्यातले चढणीचे मासे, म्हणजे प्रवाहाविरुद्ध वर चढणारे मासे, अंडी घालायला उथळ पाणी गाठतात. तिथे पाला कुजतो, त्यावर सूक्ष्म जीव वाढतात. पिल्लांना खाद्यही मिळतं आणि आडोसाही.

पूर ओसरला की काही पिल्लं नदीत परततात, काही डबक्यांत अडकतात. पाण्यातला प्राणवायू घटत जातो तशी तिथली वस्ती बदलते. बाकीचे मासे मरतात. मरळ आणि मागूर वर येऊन हवा घेतात आणि तगतात. पाण्यावर लालसर पिल्लांचा घोळका दिसला तर खाली राखणीला मरळ असणार, हे धरूनच चालावं.

नदीचं हे दरवर्षीचं चढणं-ओसरणंच तिथल्या जीवसृष्टीला चालना देतं, हे जंक, बेली आणि स्पार्क्स या नदी-अभ्यासकांनी १९८९ साली सिद्धान्त म्हणून मांडलं.

तोवर खानदेशातलं चित्र पालटलं होतं. गिरणा धरण १९६९ चं, खाली गुजरातेत उकाई १९७२ चं, हतनूर १९८२ चं. पुढे सारंगखेडा आणि प्रकाशा इथे बॅरेज, म्हणजे दरवाज्यांचे बंधारे, झाले. वर चढणाऱ्या माशांची वाट अडली. सुरुवातीचे लहान पूर जलाशयात जिरू लागले आणि खालचं पाणी दरवाज्यांच्या हिशेबाने चढू-उतरू लागलं. ते झपाट्याने उतरलं तर गवताला चिकटलेली अंडी उघडी पडून सुकतात. मला हा सर्वांत मोठा घाव वाटतो.

मत्स्यबीजाची सोय मात्र झाली. मत्स्यशास्त्रज्ञ हिरालाल चौधरी यांनी १९५७ साली संप्रेरक टोचून कार्प माशांचं प्रजनन घडवलं, आणि रोहू, कटला, मृगळ यांचं बीज जलाशयांत सोडता येऊ लागलं. १९५२ साली देशात आणलेल्या तिलापियाला तर पुराची गरजच नाही, तो साचलेल्या पाण्यातही वाढतो. पुरावर विसंबणाऱ्या स्थानिक माशांना ही सवलत नाही. त्यांच्यासाठी जून-जुलैत धरणांचे दरवाजे किती सावकाश बंद होतात, हेच निर्णायक आहे.