मुंबई विद्यापीठातील संशोधन

मुंबई विद्यापीठाचे स्वतःचे विभाग, त्याला संलग्न असलेली महाविद्यालये आणि त्याने पीएच.डी.साठी मान्यता दिलेल्या संस्था या तीन ठिकाणी मिळून चालणारे संशोधन. यांतला तिसरा घटक दुसऱ्या एखाद्या विद्यापीठाच्या नोंदीत तळटीपेत बसला असता. मुंबईत मात्र कित्येक दशके तोच मुख्य मजकूर होता. काम परळच्या नाहीतर कुलाब्याच्या प्रयोगशाळेत चालायचे, पदवी फोर्टमधून, म्हणजे विद्यापीठाच्या मुख्य कार्यालयाकडून, मिळायची. त्यामुळे ‘मुंबई विद्यापीठातले संशोधन’ म्हणजे नेमके कुणाचे, हा प्रश्न इथे पहिल्यापासून आहे.

याचे मूळ स्थापनेतच सापडते. १८ जुलै १८५७ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ परीक्षा घेणारे होते, शिकवणारे नव्हते. १८६२ साली बी.ए. झालेल्या पहिल्या चार पदवीधरांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. भांडारकरांनी पुढे संस्कृत आणि प्राचीन इतिहासात केवढे काम केले! कुलगुरूही झाले. पण त्यांनी संशोधन करावे यासाठी विद्यापीठात ना विभाग होता, ना जागा. राजाबाई मनोरा १८७८ साली उभा राहिला तेव्हा त्याच्या पायाशी ग्रंथालय आले. संशोधनाच्या नावाने विद्यापीठाकडे होते ते एवढेच. विद्यापीठांनी स्वतः अध्यापन करावे अशी तरतूद १९०४ च्या कायद्याने झाली, आणि मुंबईत तिला खरी फळे १९१९ नंतर लागली.

समाजशास्त्र आणि अर्थशास्त्र

१९१९ साली समाजशास्त्र व नागरिकशास्त्राच्या अध्यासनावर पॅट्रिक गेडिस आले. मूळचे जीवशास्त्रज्ञ, नाव झालेले नगररचनेत. ते गेल्यावर १९२४ मध्ये विभागाची सूत्रे गोविंद सदाशिव घुर्ये यांच्याकडे आली आणि १९५९ पर्यंत राहिली. मालवणात जन्मलेले, संस्कृतात मुरलेले, केंब्रिजहून मानववंशशास्त्राची पदवी घेऊन आलेले घुर्ये हे भारतीय समाजशास्त्राचे एक संस्थापक मानले जातात. त्यांच्या हाताखाली सुमारे ८० प्रबंध झाले. इरावती कर्वे यांचा चित्पावनांवरचा एम.ए.चा प्रबंध (१९२८), एम. एन. श्रीनिवास यांचा कूर्गवरचा पीएच.डी.चा प्रबंध आणि ए. आर. देसाई यांचा भारतीय राष्ट्रवादाच्या सामाजिक पार्श्वभूमीवरचा प्रबंध हे सगळे याच विभागातले. तीन शिष्य, तीन दिशा. कर्वे नातेसंबंध आणि मानवमितीकडे (माणसांच्या शरीरमापनाकडे) वळल्या, श्रीनिवास क्षेत्राभ्यासाकडे, तर देसाई थेट मार्क्सवादाकडे. एकाच गुरूच्या हाताखालून इतक्या वेगळ्या वाटा फुटल्या, हे त्या विभागाचे मोठेपण म्हणावे लागेल.

घुर्ये स्वतः पोथीतल्या पुराव्याला फार वजन देत आणि त्याबद्दल त्यांच्यावर टीकाही झाली. पण गाव त्यांनी सोडले नव्हते. पुण्याजवळच्या लोणीकंद या गावाची एका इंग्रज डॉक्टरने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी केलेली पाहणी हाताशी धरून त्यांनी त्याच गावाची नव्याने पाहणी केली. १९५१ मध्ये इंडियन सोशिऑलॉजिकल सोसायटी आणि पुढच्याच वर्षी तिचे नियतकालिक सुरू झाले, तेही त्यांच्याच पुढाकाराने.

अर्थशास्त्रात सी. एन. वकील आणि पी. आर. ब्रह्मानंद यांनी १९५६ मध्ये दुसऱ्या पंचवार्षिक योजनेला पर्याय मांडला. अवजड उद्योगांवर भर देणाऱ्या महालनोबिस प्रारूपाला त्यांचा साधा प्रश्न होता : कारखान्यात नवा कामगार आला, त्याच्या हातात पगार पडला, तर तो त्यातून विकत काय घेणार? धान्य, कापड, तेल. या ‘वेतन-वस्तूं’चा साठा अपुरा असेल तर रोजगार वाढवताच येत नाही, महागाई मात्र वाढते. दिल्लीने तो सल्ला मानला नाही. पुढच्या दशकात धान्यटंचाई आली तेव्हा या मांडणीची आठवण अनेकांना झाली. आज हा विभाग मुंबई स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स अँड पब्लिक पॉलिसी या नावाने ओळखला जातो.

माटुंगा, परळ, कुलाबा

१ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू झाला. यूडीसीटी म्हणून तो पुढे माटुंग्याला नावारूपाला आला. कारण उघड होते. गिरण्यांच्या शहराला रंग हवे होते, ते कापडावर टिकायला हवे होते आणि ते जाणणारी माणसे हवी होती. के. वेंकटरामन हे त्याचे पहिले भारतीय संचालक. रसायनशास्त्रातल्या एका अभिक्रियेला बेकर यांच्या जोडीने त्यांचे नाव आहे. पुढे मनमोहन शर्मा यांनी वायू आणि द्रव यांच्यातील अभिक्रियांवर काम केले आणि १९९० मध्ये ते रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय रासायनिक अभियंता. रघुनाथ माशेलकर याच विभागाचे विद्यार्थी.

गणितात शरदचंद्र श्रीखंडे हे विभागाचे पहिले प्रमुख. प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात प्रत्येक चिन्ह एकदाच येते असा चौकोनी तक्ता म्हणजे लॅटिन चौरस. अशा चौरसांच्या जोड्यांविषयी १७८२ मध्ये ऑयलरने मांडलेला तर्क त्यांनी १९५९ मध्ये बोस आणि पार्कर यांच्यासह खोटा ठरवला होता. ते काम अमेरिकेतले, त्यामुळे विद्यापीठाच्या खात्यावर ते मांडता येत नाही. पण मुंबईत विभाग उभा करताना त्या कामाचे वजन पाठीशी होतेच.

वैद्यकात सर्वांत गाजलेला शोध परळच्या केईएम रुग्णालयातला. १९५२ मध्ये वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक वेगळाच रक्तगट नोंदवला. आपल्या तांबड्या पेशींवर एच नावाचा एक पदार्थ असतो आणि त्याच्यावर ए किंवा बी चढतात. ओ गटात ए-बी नसतात, पण एच असतोच. या लोकांत तो एचच नव्हता. नेहमीच्या चाचणीत त्यांचा गट ओ दिसायचा, पण ओ गटाची बाटली लावायची म्हटली की जुळत नसे. अशा रुग्णाला फक्त त्याच्याच गटाचे रक्त चालते. शहराचे नाव बदलले तरी जगभरच्या पुस्तकांत हा गट अजून ‘बॉम्बे’च आहे. भारतात साधारण दहा हजारांत एकाचा हा गट असतो, त्यामुळे रक्तपेढ्या अशा दात्यांचे फोन नंबर वेगळे जपून ठेवतात. केईएमच्याच आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरशास्त्र संस्थेतले विद्यार्थी उपयोजित जीवशास्त्र या विषयात मुंबई विद्यापीठाकडे पीएच.डी.साठी नाव नोंदवतात.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची तऱ्हा आणखी मजेदार. ही संस्था १८८३ ची. तिच्यात पक्षिशास्त्राच्या संशोधन-पदव्यांसाठी विद्यापीठाने मान्य केलेले मार्गदर्शक होते सलीम अली. विद्यापीठाची रीतसर पदवी नसल्यामुळे त्यांना तरुणपणी नोकरी नाकारली गेली होती. पुढे त्यांच्याच सहीने इतरांच्या पदव्या होऊ लागल्या.

कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले आणि तुर्भ्याच्या (ट्रॉम्बेच्या) भाभा अणुसंशोधन केंद्रातले विद्यार्थीही मुंबई विद्यापीठाचीच पीएच.डी. घेत. परळच्या हाफकिन संस्थेचेही तसेच.

वाटण्या

मग घर फुटत गेले. १९९८ मध्ये नाशिकला महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ झाले आणि वैद्यकीय महाविद्यालये तिकडे गेली. २००२ मध्ये टाटा संस्था अभिमत विद्यापीठ झाली. २००५ मध्ये अणुऊर्जा विभागाच्या संस्थांसाठी होमी भाभा राष्ट्रीय संस्था आली. २००८ मध्ये माटुंग्याचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने स्वतंत्र झाला. २०१९ मध्ये एल्फिन्स्टन, सिडनहॅम, विज्ञान संस्था आदी मिळून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ झाले. प्रत्येक वेगळे होणे त्या त्या संस्थेच्या हिताचेच होते, यात शंका नाही. पण जुन्या आणि नव्या मुंबई विद्यापीठाच्या संशोधनाचे आकडे शेजारी ठेवून ‘घसरण झाली’ म्हणणाऱ्यांनी आधी ही वाटणीपत्रे वाचावीत. आकड्यांतला बराच भाग घसरलेला नाही, वेगळा राहायला गेला आहे.

कलिना

आजचे बहुतेक विभाग सांताक्रूझ पूर्वेच्या विद्यानगरीत, म्हणजे बोलीभाषेत ‘कलिन्या’ला आहेत. मूलभूत विज्ञानासाठी अणुऊर्जा विभागाबरोबर २००७ मध्ये सुरू केलेले केंद्र इथेच आहे. त्याचा पाच वर्षांचा एकात्मिक एम.एस्सी. अभ्यासक्रम विद्यार्थ्याला लवकर प्रयोगशाळेत नेतो. नॅनोविज्ञानाचे राष्ट्रीय केंद्र, जीवशास्त्राचा विभाग, आफ्रिकेच्या अभ्यासाचे केंद्रही याच परिसरात. भाषांचे विभाग रानडे भवनात. तौलनिक साहित्याच्या गुरुदेव टागोर अध्यासनावर भालचंद्र नेमाडे होते. लोककला अकादमीत तमाशा, भारूड, दशावतार, जागरण-गोंधळ हे अभ्यासाचे विषय आहेत आणि सादर करण्याचेही. इथला विद्यार्थी संबळावर प्रबंध लिहितो तेव्हा परीक्षकाने त्याला तो वाजवूनही दाखवायला सांगावे, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

गाजावाजा न होता उत्तम काम चालते ते बहिःशाल विभागात. पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम घ्यायला येणाऱ्यांत बँकेतले कर्मचारी, निवृत्त शिक्षक, वास्तुरचनाकार असतात. त्यांच्यासह साष्टी बेटाची पायी पाहणी केली गेली. कान्हेरी, जोगेश्वरी, मंडपेश्वर, महाकाली ही लेणी सर्वांना माहीत आहेत. या पाहणीचा भर होता तो गावठाणांत, देवळांच्या मागे, विहिरींच्या काठावर शेंदूर फासून ठेवलेल्या दगडांवर. वीरगळ, सतीशिळा, जुन्या देवळाचा एखादा खांब.

यांतला गधेगळ जवळून पाहण्याजोगा. उभी शिळा असते. वर चंद्र, सूर्य आणि बहुधा मधोमध कलश : चंद्रसूर्य आहेत तोवर हे दान टिको. मधल्या पट्ट्यात लेख, म्हणजे कुणी कुणाला कोणती जमीन दिली. खाली गाढव आणि स्त्री. दान मोडणाऱ्याला दिलेली ही आईवरची शिवी आहे, आणि ज्याला लेख वाचता येत नाही त्यालाही ती समजावी म्हणून चित्रात कोरलेली. सरकारी कागदावर शिवी लिहिण्याची सोय तेव्हा होती, एवढेच म्हणायचे. कोकणात शिलाहारांच्या काळात अशा शिळा बऱ्याच उभ्या राहिल्या. अलिबागजवळच्या अक्षीचा, अनेक अभ्यासक शके ९३४ म्हणजे १०१२ सालचा मानतात तो मराठी शिलालेखही याच जातीचा. पाहणी करणाऱ्यांपुढची पंचाईत अशी की शहरात या शिळांना आता ग्रामदेवतेचा मान आहे. शेंदराचे थर काढल्याशिवाय अक्षरे दिसत नाहीत आणि थर काढू द्यायला पुजारी तयार नसतो. मग तिरकस उजेड पडेल अशा वेळी, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर, फोटो घ्यायचे आणि सावलीवरून अक्षर ओळखायचे.

संलग्न महाविद्यालयांचा वाटा असमान आहे. झेवियर्समधला ब्लॅटर वनस्पतिसंग्रह आणि १९२६ ची इतिहास-संशोधनाची हेरास संस्था यांच्यासारखा साठा मोजक्यांकडेच. विद्यापीठाचे क्षेत्र मुंबईपासून ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्गापर्यंत पसरलेले आहे. सावंतवाडीच्या प्राध्यापकाला एखादा जुना अंक पाहायचा तर पूर्वी रात्रीची गाडी पकडून मुंबई गाठावी लागे.

पीएच.डी.ची वाट

प्रवेशासाठी ‘पेट’ ही विद्यापीठाची प्रवेश परीक्षा द्यायची किंवा नेटसारखी पात्रता दाखवायची. त्यानंतरचा, कँटीनमध्ये सर्वाधिक ऐकू येणारा प्रश्न : ‘गाइड मिळाला का?’ विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनुसार प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात, त्यामुळे जागा अडतात त्या इथेच. मग विषयाचा आराखडा संशोधन मान्यता समितीपुढे, म्हणजे ‘आरआरसी’पुढे. समितीतली ठरलेली सूचना म्हणजे ‘विषय आवरा’. ‘मराठी कादंबरीतील स्त्री’ घेऊन गेलेला विद्यार्थी एक दशक आणि तीन कादंबरीकार घेऊन बाहेर येतो, आणि त्यात त्याचे भलेच असते. कोर्सवर्क, सहामाही प्रगती अहवाल, सिनॉप्सिस, प्रबंध आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा. किमान मुदत तीन वर्षे, कमाल सहा. महिला आणि दिव्यांग विद्यार्थ्यांना वाढीव सवलत आहे.

२०२२ च्या नियमांनी एम.फिल. बंद झाले आणि प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापून आणण्याची देशपातळीवरची सक्ती गेली. त्या सक्तीने पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचे चांगलेच फावले होते. वाङ्मयचौर्याबाबत २०१८ चे नियम आहेत : दहा टक्क्यांपर्यंतचे साम्य चालते, साठच्या पुढे गेले तर नोंदणीच रद्द. साम्य मोजणारे हे सॉफ्टवेअर इंग्रजी मजकुरावर जितके चालते तितके मराठीवर चालत नाही. म्हणून मराठी प्रबंधातली उचलेगिरी अजून परीक्षकाच्या वाचनावर सापडते. परीक्षक वाचणारा असेल तर.

पदवी दिल्यावर प्रबंधाची प्रत ‘शोधगंगा’ या राष्ट्रीय संग्रहात चढवली जाते. पूर्वी काळ्या बांधणीवर सोनेरी अक्षरांत नाव छापलेली ती जाड वही कपाटात जाई आणि तिथेच राही. आता सावंतवाडीतूनही ती उघडता येते, आणि रात्रीची गाडी चुकते.

पदवीपासून संशोधनापर्यंतच्या विद्यार्थ्यांसाठी २००६ पासून ‘आविष्कार’ ही राज्यपालांच्या पुढाकाराने सुरू झालेली आंतरविद्यापीठ स्पर्धा आहे. मानव्यविद्यांपासून शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माणापर्यंत सहा गट. आधी महाविद्यालय, मग परिसरातला विभाग (झोन), मग विद्यापीठ, मग राज्य अशा पायऱ्या. पोस्टरसमोर उभे राहून पाच-सात मिनिटांत काम समजावायचे. एका बाजूला केळीच्या सालीपासून केलेले प्लास्टिक, दुसऱ्या बाजूला कोळी बोलीतले माशांचे शब्द, आणि मध्ये परीक्षकाचा नेहमीचा प्रश्न : ‘यात तुझे स्वतःचे काय?’