कॅटफिश टाकी साफ ठेवतो का?

‘माशांच्या टाकीत एक कॅटफिश सोडा, तो तळाची घाण खातो, पाणी बदलायची कटकट संपते,’ हा सल्ला वर्षानुवर्षे फिरतोय. पटतोही, कारण हा मासा सतत तळाशी मिशा घासत फिरताना दिसतो. पण तो तिथे अन्न शोधत असतो. विष्ठा हे त्याचं खाणं नाही. उलट त्याच्या स्वतःच्या विष्ठेची भर पडते. खात्री करायची तर मासा आणण्यापूर्वी आणि महिनाभराने, दोन्ही वेळा पाणी बदलण्याआधी, टेस्ट किटने नायट्रेट, म्हणजे विष्ठेसारख्या घाणीतून पाण्यात साठत जाणारा घटक, मोजा. आकडा खाली आलेला दिसणार नाही.

शिवाय ‘कॅटफिश’ म्हणजे काही एकच मासा नव्हे. तोंड बघा. खालच्या बाजूला, काचेला चकतीसारखं चिकटणारं असेल तर तो बहुधा प्लेको, शेवाळ खरवडणारा. तोंड समोर, जवळजवळ डोक्याइतकं रुंद आणि मिशा लांब असतील तर शिकारी समजा. लाल शेपटीचा रेडटेल त्यातलाच. बोटाएवढा आणलेला हा मासा मीटरभराच्याही पुढे वाढू शकतो. घरातली नेहमीची टाकी त्याला पुरतच नाही.

शिकार मुख्यतः रात्री. संध्याकाळी टाकीतले निऑन टेट्रा, म्हणजे छोटे शोभेचे मासे, मोजून ठेवा, सकाळी पुन्हा मोजा. तोंडात मावेल तो मासा त्याचा घास, मग दिवसा तो कोपऱ्यात कितीही गरीब होऊन पडलेला असो.