क्लेझमर आणि कॉन्झर्व्हेटरीत शिकलेले वादक: पार्श्वभूमी

पूर्व युरोपातल्या यिद्दिशभाषक ज्यूंच्या लग्नांत वाजणारे वाद्यसंगीत म्हणजे क्लेझमर. युक्रेन, मोल्डोवा, गॅलिशिया, लिथुआनिया या भागांत हा पेशा घराण्यांतून चाले आणि मुलगा वडिलांच्या ताफ्यात बसून शिके. चाल पुढे नेणारे व्हायोलिन, साथीला दुसरे व्हायोलिन आणि त्सिम्बल (संतूरच्या जातीचे वाद्य), खर्जाला चेलो किंवा बास, असा जुना संच असे. क्लॅरिनेट एकोणिसाव्या शतकात आले.

शास्त्रीय पाश्चात्त्य संगीताशी या वादकांची गाठ फार पूर्वीच पडली होती. 1862 मध्ये रशियात सेंट पीटर्सबर्गची कॉन्झर्व्हेटरी (संगीत महाविद्यालय) सुरू झाली आणि तिथली पदवी ज्यूंवरच्या, ठरावीक प्रदेशाबाहेर राहण्याच्या बंदीतून सुटण्याची एक वाट ठरली. त्यामुळे वादकांच्या घरांतली हुशार मुले तिकडे वळली. विख्यात व्हायोलिनवादक मिशा एल्मनचे आजोबा क्लेझमर वादक होते. 1908 मध्ये त्याच शहरात ज्यू लोकसंगीत संस्था स्थापन झाली, आणि 1912 पासून लेखक आणि लोकसंस्कृतीचे अभ्यासक आन-स्की यांच्या मोहिमेने गावोगावच्या चाली मेणाच्या नळकांड्यांवर ध्वनिमुद्रित केल्या. रशियन संगीतकार प्रोकोफिएफची 1919 ची ‘ओव्हर्चर ऑन हिब्रू थीम्स’ ही क्लॅरिनेट, चार तंतुवाद्ये आणि पियानोची रचना याच वर्तुळातून आली. सिमॉन बेलिसन या क्लॅरिनेटवादकाच्या ‘झिम्रो’ संचासाठी ती लिहिली होती.

म्हणून ‘क्लेझमरला स्वरलिपी वर्ज्य’ ही समजूत चुकीची आहे. न्यूयॉर्कच्या क्लेझमर क्लॅरिनेटवादकांपैकी डेव्ह टारसला स्वरलिपी उत्तम वाचता येई, नाफ्टुले ब्रँडवाइनला येत नसे, दोघेही थोरच. खरी हानी झाली ती ताफ्यात बसून शिकण्याची साखळी तुटल्याने: युरोपात नरसंहाराने, अमेरिकेत पुढच्या पिढीच्या बदललेल्या आवडीने. कीवचे संशोधक मोइसेय बेरेगोव्स्की यांनी जमवलेल्या चाली नसत्या, तर युक्रेनमधले बरेचसे भांडार हाती लागलेच नसते.

1970 च्या दशकात अमेरिकेत पुनरुज्जीवन सुरू झाले. 1980 मध्ये हँकस नेट्स्की यांनी बोस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत ‘क्लेझमर कॉन्झर्व्हेटरी बँड’ उभा केला. 1995 मध्ये इट्झाक पर्लमन यांनी त्या बँडसह इतर क्लेझमर संचांबरोबर ध्वनिमुद्रण केले, तेव्हा हे संगीत मोठ्या सभागृहांत पोहोचले. आता गुरूच्या जागी 78 आरपीएमच्या तबकड्या होत्या, आणि त्यांनाही मर्यादा आहेत. एका बाजूला जेमतेम तीनेक मिनिटे मावत. 1925 पूर्वीच्या, मायक्रोफोनविना भोंग्यातून होणाऱ्या मुद्रणात बास नीट उमटत नसे. तबकडीत बास ऐकू येत नाही, म्हणून तो नव्हताच असे धरू नये.

प्रशिक्षित वादक अडतो तो अलंकारांवर. ‘क्रेख्त्स’ म्हणजे हुंदक्यासारखा तुटणारा स्वर. व्हायोलिनवर मूळ स्वराच्या शेवटी वरचे बोट तारेवर ओझरते टेकवायचे आणि त्याच क्षणी गज थांबवायचा. बोट पूर्ण दाबले तर वेगळा स्वर ऐकू येतो, गज चालू राहिला तर साधी मुरकी होते. सतत कंप देण्याच्या सवयीत क्रेख्त्स बुडून जातो, म्हणून कंप मोजक्या लांब स्वरांपुरताच ठेवावा.

‘फ्रेगिश’ या स्वरक्रमात कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, कोमल ध, कोमल नी लागतात. आपल्याकडे हेच स्वर वसंतमुखारीचे. पण पडद्यांचा हा हिशेब पुरेसा नाही. कोणत्या स्वरावर थांबायचे आणि उतरताना कुठे वळायचे, ते चालींमागून चाली ऐकूनच कळते.

लयीत तर शिकलेल्या हाताचा नेमकेपणाच आड येतो. ‘बुल्गार’ या नाचाच्या साथीत आठ मात्रा 3+3+2 अशा पडतात. संथ ‘होरा’ नाच 3/8 मध्ये असतो, पण दुसरी मात्रा रिकामी राहते. ती भरली की वॉल्ट्झ होतो आणि नाचणाऱ्यांचे पाऊल चुकते. शिवाय सगळे एकच चाल वाजवतात, पण प्रत्येकाचा अलंकार वेगळा. तंतुवाद्यांच्या चौकडीत एकत्र गज फिरवण्याची शिस्त मुरलेल्यांना हे सैल वाटते, आणि ते अलंकार जुळवून टाकतात. तालमीला कागद न देता आधी चाल गाऊन पाठ करून घेतली, तर हे टळते. प्रत्येक आवर्तनात अलंकार आपोआप बदलू लागतो.