प्रॅग्मॅटिक्स आणि प्रगत इंग्रजी : विद्यापीठ प्रवेशाची पात्रता, कागदपत्रे आणि अर्जाची पद्धत

प्रॅग्मॅटिक्स म्हणजे प्रत्यक्ष प्रसंगात बोलण्यातून अर्थ कसा पोचतो याचा अभ्यास. नुसत्या प्रॅग्मॅटिक्सची पदव्युत्तर पदवी देणारी विद्यापीठं फार थोडी आहेत. बहुतेक ठिकाणी हा विषय भाषाविज्ञान, उपयोजित भाषाविज्ञान, इंग्रजी भाषा किंवा इंग्रजी अध्यापन यांच्या एम.ए.मध्ये एक-दोन पेपरांपुरता असतो. म्हणून पदवीच्या नावावरून शोधत बसू नका. प्रत्येक विभाग आपल्या संकेतस्थळावर मॉड्यूलची, म्हणजे शिकवल्या जाणाऱ्या पेपरांची, यादी देतो, ती उघडून वाचा. डिस्कोर्स ॲनॅलिसिस, कन्व्हर्सेशन ॲनॅलिसिस, इंटरकल्चरल कम्युनिकेशन, पोलाइटनेस, स्टायलिस्टिक्स या मथळ्यांखालीही प्रॅग्मॅटिक्सचा बराच भाग शिकवला जातो.

यादी वाचताना विभागाचा कल कुठे आहे तेही ओळखता आलं पाहिजे. या विषयाचा पाया घालणारे ऑस्टिन आणि ग्राइस हे दोघेही तत्त्वज्ञ. ऑस्टिन यांनी १९५५ साली आणि ग्राइस यांनी १९६७ साली हार्वर्डमध्ये दिलेल्या व्याख्यानांतून उच्चारित कृती (बोलण्यातूनच केलेली कृती, उदा. वचन देणं) आणि सूचितार्थ (न बोलता सुचवलेला अर्थ) या दोन कल्पना पुढे आल्या. त्यामुळे काही विभागांत प्रॅग्मॅटिक्स आजही तर्कशास्त्र आणि अर्थविज्ञानाच्या शेजारी बसतं. तिथे अर्जदाराने थोडंफार तर्कशास्त्र केलेलं असावं अशी अपेक्षा असते. इतर विभागांत ते समाज, संस्कृती आणि भाषाशिक्षण यांच्या अंगाने शिकवलं जातं आणि तिथे प्रत्यक्ष संभाषणाचा डेटा हाताळायची तयारी लागते. दोन्हीकडे एकच अर्ज पाठवला तर निदान एका ठिकाणी तो विभागाशी न जुळणारा ठरतो.

प्रगत इंग्रजीबद्दलही आधीच स्पष्टता हवी. इंग्रजी ही जिथली मुख्य भाषा नाही, अशा अनेक देशांतल्या इंग्रजी विभागांत पदवीच्या आतच प्रगत भाषावापराचे पेपर असतात: अकादमिक लेखन, अनुवाद, उच्चार. इंग्रजीभाषक देशांत मात्र असं शिक्षण सहसा मुख्य अभ्यासक्रमाआधीच्या प्री-सेशनल वर्गात उरकतं, आणि एम.ए. सुरू झालं की भाषा येतेच असं धरून चालतात. ज्यांना मुळात इंग्रजी सुधारायचं आहे त्यांनी भाषाविज्ञानाच्या एम.ए.ला अर्ज करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. त्या वर्गात भाषेची चिकित्सा होते, सराव नाही.

पात्रता

मूळ अट म्हणजे पदवी. ती तीन वर्षांची चालते की चार वर्षांची लागते, हे देशागणिक आणि विद्यापीठागणिक बदलतं. १९९९ साली सुरू झालेल्या बोलोन्या प्रक्रियेमुळे युरोपात तीन वर्षांची पदवी सर्रास आढळते, तर अमेरिकेत अनेक विद्यापीठं चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा ठेवतात. तिथे तीन वर्षांवाल्यांना समकक्षतेचा अहवाल जोडावा लागू शकतो.

दुसरी अट विषयाची, आणि साहित्य घेऊन पदवी केलेले बहुतेक अर्जदार इथेच अडखळतात. अनेक विभाग भाषाविज्ञानाचे ठराविक श्रेयांक (क्रेडिट) मागतात. युरोपीय पद्धतीत पूर्ण वर्षाचे ६० श्रेयांक धरतात आणि एका श्रेयांकामागे २५ ते ३० तासांचं काम. तुमच्या विद्यापीठाची मोजणी वेगळी असेल तर नुसते आकडे पाठवून भागत नाही. ज्या पेपरांत ध्वनिविज्ञान, वाक्यरचना, अर्थविज्ञान, शैलीविज्ञान किंवा भाषाशिक्षण आलं असेल, त्यांचा विद्यापीठाच्या शिक्क्यासह अभ्यासक्रम जोडा. ‘इंग्रजी पेपर ५’ एवढ्यावरून प्रवेश समितीला काहीच कळत नाही. आत उच्चारशास्त्राचे दोन घटक होते, हे तुम्हीच दाखवायला हवं. कायदा, पत्रकारिता, मानसशास्त्र, संगणकशास्त्र या शाखांतून आलेल्यांनाही काही विभाग घेतात. मात्र या विषयाकडे का वळावंसं वाटलं, हे त्यांना उद्देशपत्रात (स्टेटमेंट ऑफ पर्पज) नीट मांडावं लागतं.

इंग्रजीचा पुरावा

बहुतेक विद्यापीठं आपली अट युरोपीय परिषदेच्या ए-१ (नवशिक्यांची) ते सी-२ (सर्वोच्च) या भाषा-पातळ्यांत किंवा एखाद्या परीक्षेच्या गुणांत सांगतात. आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेत ७ ते ८ बँड (गुणपातळी) म्हणजे साधारण सी-१ आणि ८.५ पासून पुढे सी-२. भाषेशी संबंधित एम.ए.ना अनेकदा ६.५ ते ७.५ च्या दरम्यानचा बँड मागतात आणि लेखनाची किमान मर्यादा वेगळी घालतात. एकूण ७.५ आणि लेखनात ६ असेल तर एकूण बँडकडे कोणी पाहत नाही, अर्ज लेखनावर अडकतो. फॉर्म भरताना अकॅडेमिक प्रकारच निवडा. जनरल ट्रेनिंगचा निकाल अशा प्रवेशाला सहसा चालत नाही.

निकाल दोन वर्षं ग्राह्य धरला जातो, तेव्हा परीक्षा फार आधी देऊन ठेवण्यात अर्थ नाही. एकाच कौशल्यात कमी पडलात तर ६० दिवसांच्या आत तेवढ्याच भागाची फेरपरीक्षा देण्याची सोय काही केंद्रांवर आहे. तो निकाल सगळीच विद्यापीठं मानत नाहीत, म्हणून पैसे भरण्याआधी प्रवेश कार्यालयाला विचारा. केंब्रिजच्या सी-१ ॲडव्हान्स्ड आणि सी-२ प्रोफिशियन्सी या प्रमाणपत्रांवर मुदत संपल्याची तारीख नसते, तरी एखादं विद्यापीठ अलीकडचाच निकाल मागू शकतं. पदवी इंग्रजी माध्यमातून झाली असेल तर तसा दाखला कुठे कुठे पुरतो. तो महाविद्यालयाच्या लेटरहेडवर, जावक क्रमांक आणि तारखेसह घ्या.

कागदपत्रे

पासपोर्ट, पदवी प्रमाणपत्र, ट्रान्सक्रिप्ट, भाषेचा निकाल, बायोडेटा, उद्देशपत्र, लेखनाचा नमुना आणि दोन शिफारसपत्रं हा नेहमीचा संच. गुणपत्रिका आणि ट्रान्सक्रिप्ट एकच नव्हे. ट्रान्सक्रिप्टमध्ये सगळ्या सत्रांचे विषय, गुण आणि श्रेणीपद्धतीचा खुलासा एकत्र असतो, आणि ती विद्यापीठाकडून वेगळी मागवावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून पहिला अर्ज तिचा करा. शेवटच्या वर्षात असाल तर आतापर्यंतच्या सत्रांची ट्रान्सक्रिप्ट जोडून अर्ज करता येतो. प्रवेश मिळाला तर तो सशर्त असतो.

इंग्रजीत नसलेल्या कागदांना अधिकृत अनुवादकाचं भाषांतर लागतं. १९६१ च्या हेग करारातल्या देशांत कागद खरा असल्याची खात्री म्हणून अपोस्टिल हे सरकारी प्रमाणपत्र पुरतं. करारात नसलेल्या देशासाठी दूतावासाकडून साक्षांकन करून घ्यावं लागतं. प्रत्येक कागदावर नाव एकसारखं आहे ना, हे एकदा बारकाईने तपासा. पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि पदवीवर आडनाव आधी असेल तर प्रतिज्ञापत्राची सोय वेळेत करून ठेवा.

उद्देशपत्र, नमुना आणि पत्रव्यवहार

या विषयाची समिती तुमचा अर्ज इतर समित्यांसारखा वाचत नाही. कोण कोणाशी, कशासाठी, किती अंतर राखून बोलतं, याचाच अभ्यास करणारी ही माणसं. तुम्ही प्रॅग्मॅटिक्सबद्दल काय लिहिता त्याइतकंच, त्यांच्याशी कसं बोलता हेही त्यांच्या डोळ्यांत भरतं.

एखाद्या प्राध्यापकांना पाठवलेला हा ईमेल पाहा: ‘आय वॉन्ट यू टू बी माय सुपरवायझर. प्लीज रिप्लाय ॲट द अर्लिएस्ट.’ व्याकरणात चूक नाही. पण विनंती मोठी आहे, ओळख शून्य आहे आणि नकाराला जागाच ठेवलेली नाही. आज्ञार्थी वाक्याआधी ‘प्लीज’ लावल्याने एवढं वजन हलकं होत नाही. आता हे: ‘आय वॉज वंडरिंग व्हेदर यू माइट बी सुपरवायझिंग डिसर्टेशन्स ऑन रिक्वेस्ट्स नेक्स्ट इयर.’ इथला भूतकाळ काळ दाखवत नाही, अंतर राखतो. ‘व्हेदर’मुळे नाही म्हणायची मोकळीक मिळते, आणि विषय कोणता तेही एका शब्दात कळतं. याच्या उलट टोकाला ‘रिस्पेक्टेड सर’पासून ‘हंबली बेग’पर्यंत नम्रतेची रास घातली तर तीही तितकीच खटकते.

जेनी थॉमस यांनी १९८३ साली अशा फसगतींचे दोन प्रकार सांगितले. पहिल्यात वाक्याचं वजन चुकतं, म्हणजे विनंती म्हणून लिहिलेलं हुकमासारखं वाचलं जातं. दुसऱ्यात कोणाकडे काय मागावं हाच अंदाज चुकतो. वर्गशिक्षणाच्या एम.ए.ला मार्गदर्शक सहसा प्रवेशानंतर ठरतात, त्यामुळे तिथे आधीच मार्गदर्शक होण्याची गळ घालणं हा दुसरा प्रकार झाला. पीएच.डी. किंवा संशोधनाधारित पदव्युत्तर पदवीसाठी मात्र आधी लिहिणं अनेकदा अपेक्षितच असतं, आणि सोबत दोन पानी प्रस्तावही.

उद्देशपत्रात लहानपणापासूनच्या इंग्रजीच्या आवडीला जागा देऊ नका. एखादं ठोस निरीक्षण द्या आणि त्यातून निघणारा प्रश्न मांडा. ग्राहक सेवेच्या चॅटमध्ये माफी कुठल्या क्षणी मागितली जाते, किंवा ऑनलाइन वर्गात शिक्षक विद्यार्थ्याचं चुकलेलं उत्तर न दुखावता कसं बाजूला ठेवतात, असा एक प्रश्न पुरे. त्या विभागाचं कोणतं मॉड्यूल या प्रश्नाला उपयोगी पडेल, हे दोन वाक्यांत सांगा. मजकूर स्वतःचाच असल्याची घोषणा अनेक पोर्टलवर द्यावी लागते, ती खरी असू द्या.

लेखनाचा नमुना हा माझ्या मते या अर्जातला सगळ्यात निर्णायक कागद. साहित्यावरचा जुना निबंध पाठवण्यापेक्षा लहान का होईना, भाषेचं विश्लेषण पाठवा. त्यासाठी मित्रांच्या गप्पांचं रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी लेखी संमती घ्या आणि नावं बदला. संमती न घेता गोळा केलेला डेटा समितीसमोर ठेवणं हीच तुमच्याविरुद्धची बाब ठरेल. ‘अशा प्रसंगी तुम्ही काय म्हणाल?’ अशी प्रश्नावली भरून घेणं सोपं आहे, पण माणसं काय म्हणू असं त्यांना वाटतं तेवढंच तिच्यातून कळतं, प्रत्यक्ष काय म्हणतात ते नाही. ही मर्यादा नमुन्यात तुम्ही स्वतःच नोंदवली तर तुमची जाण दिसते.

डेटा गोळा करणं जमत नसेल तर तयार संग्रह आहेत. मिशिगन विद्यापीठाच्या मायकेस संग्रहात विद्यापीठातल्या व्याख्यानांचं, चर्चांचं आणि विद्यार्थ्यांच्या भेटींचं सुमारे १८ लाख शब्दांचं बोललेलं इंग्रजी आहे आणि ते ऑनलाइन मोफत शोधता येतं. ब्रिटिश नॅशनल कॉर्पस हा ब्रिटिश इंग्रजीचा संग्रह १० कोटी शब्दांचा, त्यातला सुमारे दहावा हिस्सा बोलण्याचा. ‘वुड यू माइंड’नंतर समोरचा माणूस काय करतो, एवढी एकच गोष्ट वीस-पंचवीस उदाहरणांत पाहिली तरी चांगला नमुना तयार होतो.

शिफारसपत्रं तुम्ही अपलोड करत नाही. पोर्टल शिक्षकांच्या संस्थात्मक ईमेलवर थेट दुवा पाठवतं. त्यांना निदान तीन-चार आठवडे आधी विचारा आणि सोबत तुमचा नमुना, उद्देशपत्राचा कच्चा मसुदा आणि अंतिम तारीख द्या. शिष्यवृत्ती हवी असेल तर तिची मुदत प्रवेशाच्या मुदतीआधीच संपते, असं अनेकदा घडतं. तारखांचा तक्ता बनवताना तीच तारीख धरा.

सशर्त प्रवेशपत्र आलं की अटी एकेक करून वाचा आणि स्वीकृतीची मुदत लिहून ठेवा. होकार कळवण्याआधी विभागाला एक छोटा ईमेल करून विचारा, की प्रॅग्मॅटिक्सचं मॉड्यूल येत्या वर्षी खरोखर चालणार आहे का. शिक्षक रजेवर असले किंवा विद्यार्थी कमी आले तर पर्यायी मॉड्यूल एखाद्या वर्षी बंद राहतात, आणि माहितीपत्रकात ती तशीच छापलेली असतात.